आठ दिवस

सिंधुदुर्गातल्या त्या रुग्णालयात स्मृतिपेटी बसवलेले बरेच रुग्ण यायचे. मेंदूज्वरानं किंवा झटक्यानं ज्यांची आठवण साठवण्याची शक्ती गेली, त्यांच्या गळपट्टीच्या हाडाखाली आगपेटीएवढी पेटी बसवत. मेंदूत उरलेल्या जुन्या आठवणीही तिच्यातच हलवत. मेंदू अनुभव घ्यायचा, पेटी तो सांभाळायची. विश्राम खोबरेकर, मालवणात होड्या बांधण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, गेली चार वर्षं अशाच पेटीच्या भरवशावर जगत होते.

सकाळी त्यांचा खांदा तापला. पेटीतली बॅटरी फुगली होती. डॉ. रेहाना मुकादम यांनी त्यांना औषधानं झोपवलं आणि बाहेर बसलेल्या मुलाला, जयवंतला, आत बोलावलं.

"बॅटरी बदलायला पेटी बंद करावी लागेल. पण पेटी अशी पटकन बंद करता येत नाही."

"का? बाहेरून वीज जोडा ना."

"फुगलेल्या बॅटरीला वीज दिली तर ती आतच फुटेल." डॉक्टरांची नजर पडद्यावरून हलत नव्हती. "नीट ऐका. पेटीत दोन कप्पे असतात. नव्या आठवणी आधी तात्पुरत्या कप्प्यात जातात. माणूस गाढ झोपला की त्या कायमच्या कप्प्यात उतरतात आणि शेवटी सूची नव्यानं लिहिली जाते, कुठली आठवण कुठे आहे त्याची. सूची लिहिताना वीज गेली तर ती अर्धवट राहते."

"मग थोडंफार जाईल एवढंच ना?"

"साध्या पेटीत तेवढंच गेलं असतं. पण आठवणींची चोरी व्हायला लागल्यापासून सगळ्या पेट्या कूटबद्ध असतात. आतला मजकूर त्यांच्या मेंदूच्या लयीतून बनलेल्या किल्लीनंच उलगडतो, आणि किल्ली कुठल्या कुलपाला लावायची हेही सूचीतच असतं. सूची फाटली की आतला सगळा साठा म्हणजे नुसती खरखर. मलाही वाचता येणार नाही, त्यांनाही नाही. तुमचं नावसुद्धा राहणार नाही."

जयवंत काचेपलीकडे झोपलेल्या वडिलांकडे बघत राहिला.

"तात्पुरता कप्पा एवढा भरलेला मी कधी पाहिला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गेले काही दिवस ते झोपले नाहीत का?"

"आम्ही बोलत बसायचो." त्याचा आवाज खाली गेला. "मी आलो त्या दिवसापासून. आठ दिवस झाले. त्याआधी अकरा वर्षं त्यांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं."

अकरा वर्षांपूर्वी वादळात होडी उलटली होती. जयवंत परत आला, धाकटा भाऊ मंगेश आला नाही. लाटेनं नेलं, एवढंच जयवंतनं घरी सांगितलं. वडिलांचा, तात्यांचा, त्यावर कधीच विश्वास बसला नाही. या आठ दिवसांत, अडखळत, मधेच उठून अंगणात जात, परत येत, त्यानं खरं सांगितलं होतं. मंगेशचा हात त्याच्या हातात होता. तो त्यानं सोडला होता. नाहीतर दोघंही गेले असते. मग तात्यांनी त्याचं डोकं ओढून आपल्या छातीशी धरलं.

"आता काय करता येईल?" त्यानं विचारलं.

"दोन वाटा. ते झोपताच सुरू झालेलं उतरवणं चालू ठेवायचं आणि सूची पुरी होईपर्यंत बॅटरी टिकेल अशी आशा धरायची. टिकली तर सगळं वाचेल. किंवा आत्ता थांबवायचं, तात्पुरता कप्पा टाकून द्यायचा आणि जुन्या सूचीवर पेटी सुरक्षित बंद करायची. मग ते तुम्ही यायच्या आधीच्या सकाळी जागे होतील."

"टिकेल का?"

"सांगता येत नाही. अर्धी शक्यता धरा. आणि सूची सुरू झाली की थांबवता येणार नाही."

पडद्यावरची उतरवण्याची हिरवी पट्टी सरकत होती. तिच्याखालची बॅटरीची लाल पट्टी आक्रसत होती, आणि जरा भरभर. आत तात्यांच्या पापण्या हलल्या. कदाचित त्याच क्षणी ती अडखळती कबुली, ती मिठी, त्यांच्या आत उतरत होती.

"जयवंत, सूची सुरू होतेय. मला आत्ता सांगा."

"थांबवा," तो म्हणाला.

डॉक्टरांनी कळ दाबली. हिरवी पट्टी पुसली गेली. पेटी शांतपणे बंद झाली आणि त्यानंतर काही क्षणांतच बॅटरी मेली.

नवी बॅटरी बसवून झाल्यावर दुपारी तात्या शुद्धीवर आले. बायकोचं नाव, होडीच्या फळ्यांची लाकडं, गावातली माणसं, सगळं जागच्या जागी होतं. डॉक्टरांनी त्यांना काय घडलं ते, जयवंतनं सांगितलेल्या माफीसकट, समजावलं आणि मगच जयवंतला आत सोडलं.

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. ती अकरा वर्षांपूर्वीची नजर होती.

"डॉक्टरीण सांगता, मी तुका माफ केलंय," ते म्हणाले. "माका कायच आठवत नाय. कसली माफी? काय सांगलंस तू माका?"

जयवंत खुर्ची ओढून बसला. त्यानं पुन्हा सांगायला सुरुवात केली. वारा कसा फिरला, होडी कशी कलली, मंगेशचा हात कसा थंड पडत गेला. कुठे अडखळलं नाही, कुठे उठून जावंसं वाटलं नाही. शब्द एकामागून एक येत गेले.

तात्या शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "पाठ करून इलंस?"

जयवंतनं तोंड उघडलं, पण त्याला नाही म्हणता येईना.