बिनबर्थची गाडी

संगणक न्यायला लेकाचा मित्र संध्याकाळी येणार होता. टेबलाला आवळून बसवलेलं खेळातलं स्टिअरिंग तेवढं सोडवून ठेवावं, म्हणून उस्ताद दुपारीच लेकाच्या खोलीत गेले. हातात पाना, खांद्यावर फडकं. आयुष्यभर ट्रक हाकलेल्या माणसाला एवढंसं खेळणं खोलायला वेळ तो काय लागणार.

खोली हिवाळ्यापासून बंदच असायची. आज सकाळी पोराच्या आईने ती झाडून घेतली होती आणि पलंगावर धुतलेली चादर ताणून बसवली होती, एक सुरकुती नाही. तरी खोलीत डिझेलचा आणि हात धुवायच्या हिरव्या साबणाचा वास होताच. पोरगा गाडीवरून आला की कोपरापर्यंत हात घासत बसायचा. उस्तादांनी खिडकी उघडली. वास काही गेला नाही.

बाप-लेक एकाच गाडीवर होते. एक चालवायचा, दुसरा मागच्या बर्थवर पडदा ओढून झोपायचा. घरात 'बाबा' म्हणणारा पोरगा गाडीत चढला की 'उस्ताद' म्हणायचा, आणि पुढे सगळा ट्रकतळ तेच म्हणू लागला. दोघांचा एक कायदा होता. कुठेही थांबून पुन्हा निघताना चालवणाऱ्याने मागच्या फळीवर दोन ठोके द्यायचे. मागून दोन ठोके आले की समजायचं, जोडीदार आत आहे, निघा. ते आल्याशिवाय चाक हलवायचं नाही. तळावरच्या एका बहाद्दराने जोडीदाराला बनियनवर पंपावर सोडून अर्धा मुलूख पार केला होता, तेव्हापासूनचा हा कायदा.

त्या दिवशीही पंपावरून निघताना उस्तादांनी ठोके दिले, आणि मागून दोन ठोके आले. ते निघाले. वाटेत घरून फोन आला. "जरा त्याला द्या ना," आई म्हणाली. "झोपू दे गं त्याला. दमलाय," असं म्हणून उस्तादांनी फोन ठेवला, रेडिओही बारीक केला. माल उतरवायच्या जागी पोचून पडदा सारला, तर पोरगा गार पडलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय झोपेतच थांबलं, आणि तेही पंपावर पोचायच्या कितीतरी आधी.

मग ठोके दिले कुणी? हा एकच प्रश्न उस्तादांना आतून कुरतडत होता. ठोके खरे असतील तर पोरगा तेव्हा जिवंत होता, आणि बापाने एकदा, फक्त एकदा पडदा सारून पाहिलं असतं तर… आणि खोटे असतील तर लोक म्हणत होते तेच खरं, कान वाजले. रात्र रात्र ते छताकडे बघत हेच तोलत बसायचे. गाडीची किल्ली त्यांनी मालकाच्या टेबलावर ठेवली, ती पुन्हा उचलली नाही.

स्टिअरिंगचा शिकंजा सैल करता करता कोपर कशाला तरी लागलं असावं. स्क्रीन उजळली. आवाज मात्र आला नाही, स्पीकर मित्राने मागेच नेले होते. समोर पोराच्या गाड्या रांगेने उभ्या राहिल्या. लांब नाकाचे अमेरिकी ट्रक, त्याचा जीव की प्राण. खेळ बनवणाऱ्या कंपनीला तो सारखा लिहायचा, ही गाडी उंच टपाची द्या, ती चपट्या टपाची द्या, तिसरीच्या बर्थला खिडकी द्या, चौथीला मागे चाकांची एक जादा जोडी द्या. आणि लिहिलेलं पडद्याआडून बापाला वाचून दाखवायचा.

"अरे, ही खरी गाडी आहे, तिची काच पुसायला तुझे हात दुखतात," उस्ताद म्हणायचे, "आणि खोटीला रोज नवं नाक पाहिजे."

"मागायला काय जातंय, उस्ताद?"

रांगेतली शेवटची गाडीही लांब नाकाचीच होती, पण केबिन आखूड. मागे बर्थच नाही. सीटच्या पाठीशी नुसती काच, आणि काचेपलीकडे मोकळं ऊन. उस्तादांना बरं वाटलं. बर्थ असलेल्या गाडीकडे त्यांना बघवतही नसे. हिच्यात बसायला हरकत नाही, एकदाच, असं म्हणत ते खुर्चीत टेकले.

गाडी कुठल्याशा पंपावर उभी होती. घरात चिडीचूप. स्वयंपाकघरातला नळ मघाशी वाहत होता, तोही आता बंद झाला होता. उस्तादांचा पाय पॅडलवर गेला आणि हात सवयीने मागे गेला. हाताला काय कळतंय? खुर्चीच्या लाकडी पाठीवर त्यांनी दोन ठोके दिले, आणि मग स्वतःचीच लाज वाटून हात मांडीवर घेतला.

मागून दोन ठोके आले.

हलके, बोटाच्या पेराने, लाकडावर. पहिला जरा जोरात, दुसरा आळसावलेला. पोरगा नेहमी द्यायचा तसे. साबणाचा वास एकदम दाट झाला. उस्तादांच्या मानेवर काटा उभा राहिला. वळून बघायचा धीर होईना.

"आहेस का रे…?"

उत्तर आलं नाही. पण ठोके आले होते, आणि कायदा म्हणजे कायदा. उस्तादांनी गाडी हलवली. मुका रस्ता पुढे सरकत राहिला. गाडीला बर्थ नाही, मागे माणूस नाही, तरी ठोके आले. म्हणजे त्या दिवशीही… डॉक्टरही खरे होते, आणि कानही खरे होते. गेल्यावरसुद्धा पोराने बापाला खोळंबवलं नव्हतं. उस्ताद रडायला लागले. मयताच्या दिवशी जे आलं नव्हतं ते सगळं आता आलं. रडत रडत ते गाडी चालवत राहिले, पण मागे त्यांनी पाहिलं नाही. एकदा पडदा सारून पाहिलं होतं, तेवढं पुरे होतं.

उन्हं कलली तेव्हा दार वाजलं. आई लेकाच्या मित्राला घेऊन खोलीत आली. तो स्क्रीनकडे बघून चष्मा सावरत म्हणाला, "काका, ही गाडी कुठून आणलीत?"

"रांगेत शेवटची उभी होती."

"ही खेळात नाहीच, काका. बिनबर्थचा प्रकार त्यांनी कधी बनवलाच नाही. त्याची शेवटची मागणी हीच होती." त्याने मोबाइल काढला, कंपनीच्या पानावर ते शोधलं, आणि जरा अडखळत वाचलं, "'ही गाडी बर्थ नसलेलीही द्या. माझे बाबा आता थकलेत. बर्थच नसली, तर रोज संध्याकाळी झोपायला त्यांना घरी यावं लागेल.'" मग हळूच म्हणाला, "तिथे सगळे हसले होते त्याला. खेळात कोण थकतं म्हणून."

उस्तादांनी पॅडलवरचा पाय उचलला. आईचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ती खुर्चीच्या मागे पाहत होती. शेवटी उस्तादही वळले.

पलंगाची लाकडी कड खुर्चीला खेटूनच होती. सकाळी ताणलेली चादर मधोमध दबली होती. उशीला खळगा पडला होता. भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन कुणी झोपलं, की जागा दबते तशी.

"काकू, इथे कुणी…"

आईने ओठांवर बोट ठेवलं. पाऊल न वाजवता ती खिडकीशी गेली आणि पडदा ओढून घेतला.

"झोपू द्या त्याला," ती म्हणाली. "दमलाय."

तिघं बाहेर आली. दार आईनेच लोटलं. उस्तादांचा हात आपोआप दाराच्या फळीकडे गेला.

"एकदाच विचारतो. आहे की नाही, एवढंच…"

आईने त्यांचं मनगट धरलं. तिचा हात बर्फासारखा गार होता. "नका वाजवू."

"का?"

"उत्तर आलं नाही तर… मला नाही हो सोसायचं."

उस्तादांनी हात खाली घेतला. तिघंही तशीच उभी राहिली. आणि मग कुणी काही न विचारताच आतून दोन ठोके आले. पहिला जरा जोरात, दुसरा आळसावलेला.

मित्राचा चेहरा पांढरा पडला होता. "काका… म्हणजे काय?"

"निघा म्हणतोय," उस्ताद म्हणाले.

त्या ठोक्यांवर त्यांचा पाय इतकी वर्षं आपोआप हलला होता. त्या दिवशीही हलला होता. आज ते दाराला पाठ लावून खाली बसले. मित्र संगणक न घेताच कधी गेला, ते त्यांना कळलं नाही. आईने दिवा लावला आणि तीही त्यांच्याशेजारी बसली. दोघंही उठली नाहीत.

बऱ्याच वेळाने, अगदी उस्तादांच्या पाठीमागे, दाराच्या फळीवर पुन्हा दोन ठोके आले. या वेळी दुसरा ठोका आळसावलेला नव्हता, पहिल्याइतकाच जोरात होता, निघा म्हणून बजावणारा.