पिवळ्या टोपणाची बाटली

टेबलावर दोन बाटल्या होत्या. एकीचं टोपण पिवळं, दुसरीचं निळं. एकीत औषध होतं आणि दुसरीत नुसतं मिठाचं पाणी, पण कुठलं कशात ते देणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. डॉक्टर मुद्दाम खोटं औषध कशाला देतील, हे कोडं दहा वर्षांच्या ऋजुता शेटेला सहा महिने सुटलं नव्हतं.

ऋजुताला आणि तिच्या बाबांना एकच आजार होता. त्यांच्या कॉर्नियावर (बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यावर) बारीक बारीक फोड यायचे. सोलापूरचं ऊन डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झोंबायचं. खो-खोच्या मैदानावर ऋजुता गॉगल लावून कडेला बसायची, आणि बाबांनी तर रिक्षा चालवणं कधीच सोडलं होतं.

नेत्रसंशोधन केंद्राच्या डॉक्टर होनराव आजींनी पहिल्याच दिवशी तिला जवळ बसवून सांगितलं होतं, "पेशीत जनुकं असतात (शरीर कसं घडवायचं याच्या सूचना). प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती, एक आईची, एक बाबांची. तुझ्या बाबांकडून आलेल्या एका प्रतीत एक अक्षर चुकलंय. पेशी त्यावरून चिठ्ठी लिहून घेते आणि चुकीचं प्रथिन करत बसते. शिऱ्याच्या चिठ्ठीत साखरेऐवजी मीठ लिहिलं तर काय होईल? तसं. हे औषध फक्त चुकीची चिठ्ठी फाडतं, बरोबर चिठ्ठीला हात लावत नाही. निदान आम्हाला तसं वाटतंय. ते खरं का, हेच तुझ्या मदतीने बघायचंय."

दर महिन्याला डोळ्यांचे फोटो काढायला एक यंत्रमानव होता. काहीही विचारा, तो "मला माहीत नाही" म्हणायचा, म्हणून मुलांनी त्याचं नाव ठोंब्या ठेवलं होतं.

पिवळी बाटली उजव्या डोळ्याची, निळी डाव्या. थेंब पडला की गार वाटायचं, म्हणून तीच खरी असं ऋजुताने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. आता शेट्यांच्या घरी एकट्याने काही खायची पद्धत नव्हती. पेढा एक असला तरी त्याचे चार तुकडे व्हायचे. मग औषध तरी एकटीने कसं घ्यायचं? शेवटच्या आठवड्यात सहा दिवस तिने बाबांच्याही दोन्ही डोळ्यांत पिवळ्या बाटलीतला एकेक थेंब घातला.

"आता झोंबत नाही गं पोरी," बाबा म्हणाले.

शेवटच्या तपासणीला ठोंब्याने बाटल्यांचं वजन केलं. "पिवळ्या बाटलीत बारा थेंब कमी आहेत. का, ते मला माहीत नाही."

ऋजुताला वाटलं, आपल्यामुळे औषधच बाद झालं, तर बाबांना ते कधीच मिळणार नाही. तरी तिने सगळं सांगून टाकलं.

"बाबांना न तपासता?" आजी चांगल्याच रागावल्या. "त्यांना काही झालं असतं म्हणजे? आणि डाव्या डोळ्यात काय घातलंस?"

"निळेच. एकदाही चुकले नाही."

"मग तुझी नोंद बाद होणार नाही. खरं बोललीस, म्हणून मला हे कळलं तरी."

चाचणीतल्या साठही जणांच्या तपासण्या झाल्या आणि कोणती बाटली खरी ते लिहिलेली मोहरबंद पाकिटं उघडली. ऋजुताच्या कागदावर लिहिलं होतं: पिवळी बाटली, मिठाचं पाणी. उजव्या डोळ्यावर फोड होते तेवढेच होते. डाव्यावर एकशे चाळीसचे नऊ राहिले होते.

"पण गार वाटत होतं," ऋजुता पुटपुटली.

"बाबांनाही वाटलं ना? बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. कोणती बाटली खरी हे ठाऊक असतं, तर मलाही तुझा उजवा डोळा सुधारलेला दिसला असता. म्हणून मलाही सांगत नाहीत."

"आणि मलाही," ठोंब्या म्हणाला.

पुढच्या टप्प्याच्या यादीत बाबांचं नाव होतं. दोघं बापलेक बाहेर आली तेव्हा टळटळीत दुपार होती. ऋजुताने उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच भर उन्हात गॉगल काढला. डावा डोळा उघडा राहिला. बाबांच्या मिशीतले पांढरे केससुद्धा तिला स्वच्छ दिसले. तिला एकदम रडू आलं.

तळव्याखालच्या डोळ्याला ती हळूच म्हणाली, "तू सहा महिने खारं पाणी सोसलंस, म्हणून सगळ्यांना कळलं. तुझे उपकार आहेत. उद्यापासून तुझी पाळी."

मग तिने बाबांचा हात धरला. "आणि पुढच्या महिन्यात तुमची."