खिशातले दोन बिल्ले

अकराचा भोंगा झाला की तासगावच्या त्या शीतगृहातून माणसं डोळे किलकिले करत बाहेर येत आणि भिंतीकडेच्या बाकांवर ओळीनं उन्हात बसत. बेदाणा जपायचा तर खोलीत अंधार हवा आणि गारठा हवा. त्या अंधारात तीस-तीस वर्षं पेट्या रचलेल्या माणसांच्या अंगात ‘ड’ जीवनसत्त्व औषधालाही सापडत नव्हतं. म्हणून ही अर्ध्या तासाची ‘ऊनसुट्टी’. बाकावर टेकलं की बिल्ल्यातली चिप आपोआप हजेरी लावायची.

हे फुकटचं ऊन ज्याच्या कृपेनं पदरी पडलं, ते यंत्र मुतारीत बसवलेलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव ‘मूत्रवेध’, पण कामगार त्याला ज्योतिषी म्हणत. समोर माणूस उभा राहिला की ते सर्वांत जवळचा बिल्ला वाचायचं, लघवीतले अतिसूक्ष्म अंश हुंगायचं आणि ‘ड’चा दिवा लावायचं, लाल नाहीतर हिरवा. दुसरी गोष्ट मात्र ते चारचौघांत बोलत नसे. मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते आणि पन्नाशीनंतर ती पुरुषाला छळायला लागते. तिच्यात काही वावगं शिजत असेल तर वर्षातून एकदा, सगळ्यांचे आठवडाभराचे नमुने जुळवून यंत्र थेट मोबाईलवर कळवायचं.

आण्णासो मगदूमला दिवसातून बारा वेळा ज्योतिष्यापुढे उभं राहावं लागे. गारठ्यात राबणाऱ्याला एवढं व्हायचंच, असं तो म्हणे आणि बाकीचेही म्हणत.

त्या मंगळवारी ऊनसुट्टीत दस्तगीर मुलाणी त्याच्या शेजारी येऊन बसला. पंचवीस वर्षं दोघांनी एकाच खोलीत पेट्या उचललेल्या. दस्तगीरनं मोबाईल पुढे केला.

“आण्णा, एवढं वाच की. चाळिशी घरात राहिलीया. मोबाईलला वाचायला सांगितलं तर सगळा बाक ऐकंल.”

आण्णासोनं वाचायला घेतलं. ‘सात ते चौदा तारखेच्या नमुन्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका घ्यावी असे अंश आढळले. शनिवारी सकाळी दहा वाजता सुईनं तुकडे काढून तपासणी होईल.’

सात ते चौदा. त्या आठवड्यात दस्तगीर जतला होता. लेकीचं बाळंतपण अडलेलं आणि ऐन हंगामात रजा मिळेना. “जा तू. बिल्ला दे माझ्याकडं,” असं आण्णासोच म्हणाला होता. आठ दिवस त्यानं दोघांचं काम ओढलं. दस्तगीरचा बिल्ला दारावर दाखवायला सोपा म्हणून कोटाच्या वरच्या खिशात ठेवला आणि स्वतःचा आत, स्वेटरखाली. यंत्र जवळचा बिल्ला वाचतं.

“काय लिवलंय?” दस्तगीरनं विचारलं.

आण्णासोनं सगळं वाचून दाखवलं. तारखा तेवढ्या गाळल्या.

दस्तगीरचा चेहरा पेट्यांवरच्या धुळीसारखा करडा झाला. “पोरीला कसं सांगू रं? दहा दिवसांचं बाळ हाय तिच्या मांडीवर.”

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण आण्णासोनं मोबाईल नुसता परत केला. यंत्र चुकलं असेल. दस्तगीरला तपासतील, काही निघणार नाही, सगळे ज्योतिष्याला हसतील आणि विषय संपेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. घरी जाऊन मात्र त्यानं ‘ड’च्या गोळ्यांची डबी काढली. आठवड्याला एक घ्यायची गोळी तो रोज घ्यायला लागला आणि ऊनसुट्टी संपली तरी बाकावरून उठेना. शुक्रवारी त्याचा दिवा पहिल्यांदा हिरवा झाला. एक हिरवं झालं म्हणजे दुसरंही निवळलं असणार, असं त्याला वाटलं. भ्यालेला माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

शनिवारी तो दस्तगीरबरोबर दवाखान्यात गेला. दस्तगीर चार दिवसांत चार वर्षांनी म्हातारा झाला होता. परिचारिकेनं त्याचं नाव पुकारलं. तो उठला, शर्टाच्या गुंड्या सोडू लागला आणि त्याच्या बोटांना गुंडी सापडेना.

ते पाहिलं मात्र, आण्णासो उठून त्याच्याआधी आत शिरला. “बाई, ह्येला सुई लावू नका. त्यो नमुना माझा हाय.”

डॉक्टर केतकी उपाध्ये यांनी सगळं ऐकून घेतलं, गोळ्यांचंही. “गोळ्या आजपासून बंद. जास्त झाल्या तर मूत्रपिंडावर येईल. आणि आण्णा, उन्हानं हाडं सुधारतील. पण गाठ असलीच, तर ती उन्हानं विरघळते असं कुणी सिद्ध केलेलं नाही.”

दस्तगीर दारात उभा होता. गुंड्या अर्ध्या उघड्या.

“तुला कवा कळलं?”

“मंगळवारी. वाचतानाच.”

“आज शनिवार हाय. माझ्या लेकीसाठी आठ दिवस दोघांचं काम केलंस, त्ये मी जन्मात इसरनार न्हाई. पर ह्ये चार दिवस, आण्णा? ह्ये कुठं ठेवू?”

उत्तराची वाट न पाहता तो निघून गेला.

तपासणी आण्णासोची झाली. गाठ होती, लहान होती. “अशा पुष्कळ गाठी माणसाबरोबर निवांत म्हाताऱ्या होतात,” डॉक्टर म्हणाल्या. “काही मात्र धावत सुटतात. यंत्राला गाठ दिसते, तिची चाल दिसत नाही. तूर्त दर तीन महिन्यांनी पाहत राहू. त्रास वाढला तर लपवायचा नाही.”

“म्हंजे वाट बघत जगायचं?”

“लक्ष ठेवून जगायचं.”

बाकावर आता दोघांमध्ये चार माणसं बसत. दस्तगीरनं कुणाला काही सांगितलं नाही, आणि तेच आण्णासोला जास्त लागे. बायकोला, शालनला, त्यानं गाठीचं सांगितलं. त्या चार दिवसांचं सांगायला जीभ रेटली नाही. गाठीचं भय रोज थोडं थोडं सवयीचं होत होतं. दस्तगीर शेजारी नसण्याची सवय होत नव्हती.

तीन आठवडे असे गेले. एका सोमवारी भोंगा झाला, माणसं बाहेर आली, आणि दस्तगीर सरळ येऊन आण्णासोच्या शेजारी टेकला. त्यानं समोरच्या उन्हाकडे तोंड केलं. मग मान न वळवता म्हणाला,

“सकाळपासनं ज्योतिष्याकडं किती येळा जाऊन आलास? खरं सांगशील?”