चुकलेली शेड

कोळ्याची पोर, आणि चिंबोरीची नांगी फोडताना पुढचा दात तुटला! यावर अख्खा वरळी कोळीवाडा पोट धरून हसला. मी सोडून. तोंड उघडून हसणं मी तेव्हापासून बंदच केलं होतं. त्यात माझ्या धाकट्या भावाची, निमेशची हळद जवळ आलेली. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. करवली मी. नाचायचं, गायचं, फोटो काढायचे, आणि हे सगळं तोंडावर हात धरून?

प्रभादेवीच्या सुनेत्रा डॉक्टरांनी तुटका दात घासून बारीक केला आणि तात्पुरती कॅप बसवली. पक्की कॅप शेजारच्या दाताच्या रंगाशी जुळायला हवी, म्हणून लॅबचा माणूस स्वतः येऊन रंग बघेल, असं त्या म्हणाल्या. सकाळच्या उजेडात यायचं, लिपस्टिक न लावता.

मला वाटलं, कुणी चष्मेवाले काका असतील. आला अवधूत. गिरगावचा, उंच, बाह्या दुमडलेल्या, बोटांना पांढरी पूड. त्याने मला खिडकीपाशी उभं केलं आणि दातांच्या नमुन्यांची पट्टी उघडली. एकाहून एक किंचित जास्त पिवळे दात.

"दिशा, हात काढा तोंडावरून," तो हळूच म्हणाला.

हात तिथे कधी गेला, मलाही कळलं नव्हतं. मग त्याने दात कसा तुटला ते विचारलं. मी तोंड उघडंच ठेवून कसंबसं सांगितलं.

"म्हणजे चिंबोरी जिंकली," तो गंभीरपणे म्हणाला.

"छे. तुटक्या दाताने सगळी खाल्ली मी तिला."

तो हसला, आणि मीही… हात विसरून. त्याने पट्टी दाताजवळ आणली, बाजूला केली, पुन्हा आणली. मध्येच हळदीचं विचारलं. कोण गाणार, कोण नाचणार. मी बोलत सुटले आणि तो बघत राहिला. दाताकडे की माझ्याकडे, ते विचारायचा धीर झाला नाही. मला तो आवडला होता, एवढं मात्र खिडकीपाशीच कळलं.

कॅप आली आणि माझं तोंड पडलं. दात कसला, बाथरूमची टाइल! सुनेत्रा डॉक्टर कपाळाला आठ्या घालून बघत राहिल्या. तोंड फार वेळ उघडं राहिलं की दात वाळतात आणि वाळलेले दात जास्त पांढरे दिसतात, असं त्यांनी सांगितलं. म्हणून शेड, म्हणजे दाताचा रंग, पेशंट आल्या आल्या पहिल्याच नजरेत घ्यायचा असतो. एवढ्या वर्षांत अवधूतचा रंग कधी चुकला नव्हता, आताच कसा चुकला कोण जाणे, असं म्हणून त्यांनी मला एकदा नीट निरखलं.

त्याला पुन्हा बोलावलं तेव्हा हळद आठवड्यावर आली होती. तो आवडला असला तरी मी भडकलेच होते.

"भावाच्या हळदीत मी काय मिठाची गुळणी धरून बसू?"

त्याने मान खाली घातली. "चूक माझीच आहे. आल्या आल्या रंग घ्यायचा होता, पण… तुम्ही हसलात. मग रंग सोडून बाकीचंच बघत बसलो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याने मला दातांवरून जीभ फिरवायला सांगितली, पट्टी लावली आणि लगेच मिटली.

"झालं?"

"रंगाचं झालं."

"आणि बाकीचं?"

"त्याला तुमची परवानगी लागेल."

"हळदीला ये मग," मी म्हणाले. त्याला 'तू' म्हटलं हे बोलून झाल्यावर लक्षात आलं.

नवी कॅप वेळेत आली आणि अशी बसली की आईलाही खरा दात कुठला ते सांगता येईना. हळदीत मी मनसोक्त नाचले. प्रत्येक फोटोत माझी बत्तिशी आहे, आणि बऱ्याच फोटोंत मागे कोपऱ्यात अवधूत आहे. आईच्या नजरेतून काय सुटतंय? तिने त्याला रविवारी जेवायला बोलावलं आणि मुद्दाम चिंबोऱ्या केल्या.

मी सवयीने नांगी दाताखाली धरणार, तेवढ्यात अवधूतने ती माझ्या हातून काढून घेतली. वरवंट्याने बेताने फोडली आणि आतलं मांस माझ्या ताटात ठेवलं.

"आता जन्मभर हिच्या नांग्या तूच फोडणार काय रे?" आईने विचारलं.

अवधूतचे कान लाल झाले. "हो," तो म्हणाला. "ही चालेल म्हणाली तर."

"चालेल," मी म्हणाले आणि मोठ्याने हसले. दोन्ही हात रश्शाने माखले होते, आणि तोंड झाकायची आठवणही झाली नाही. अवधूत बघत राहिला. या वेळी दात वाळले तरी काही बिघडणार नव्हतं.