कॅप्टन एल्स्टरबर्गचे नकाशे

झेरॉक्सच्या दुकानात माझ्या हातातले कागद निसटले आणि थेट त्याच्या बुटांवर पडले. १९९०चा जून, आखातातल्या उम्म अल हस्सम वस्तीतली दुपार. त्याने वाकून सगळ्यात वरचा फोटो उचलला.

“टोपीवर भाला लावलेले हे काका कोण?”

“काका नव्हे. कॅप्टन ओटोकार फॉन एल्स्टरबर्ग. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रशियाच्या सैन्यातले. आमच्या जर्मन साहेबांचे पणजोबा.”

“आणि तुमचे?”

“माझे कुणी नाहीत!” मला हसू आलं. “साहेबांच्या नातवंडांना जर्मन येत नाही, म्हणून मी कॅप्टनच्या चरित्राचं इंग्रजी करतेय.”

तो मात्र पुढचा कागद डोळ्यांजवळ धरून उभा. “हा नकाशा भयंकर आहे हो. या माणसाने नदी चढावर नेलीय. मी ड्राफ्ट्समन आहे, सुयश... नीट काढून देऊ?”

आम्ही बाहेर पडलो. गारव्यातून एकदम त्या दमट उन्हात येताच त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. तो तसाच, काही न दिसता, माझ्या दिशेने हसत राहिला... आणि मी पत्ता देऊन बसले.

मग दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो आमच्याकडे येऊ लागला. जयप्रकाशदादा पेपर वाचायच्या मिषाने समोर बसायचा. कश्मिरावहिनी चहा करायची. सुयश पेन्सिलीला टोक काढायचा आणि मी कॅप्टनची गोष्ट सांगायचे. अकराव्या वर्षी सैनिकी शाळेत टाकलेला मुलगा, ऑस्ट्रियाच्या लढाईत खांद्यात गोळी, छातीवर पदक. आणि गावच्या मास्तरांची हेन्रिएट. तिच्याशी लग्न करायला राजाची परवानगी लागायची. दोनदा अर्ज केला, दोनदा नाकारला.

“मग?”

“मग काय, थांबला. नऊ वर्षं.”

“बाप रे! मला नऊ आठवडे जमणार नाहीत.”

“कशासाठी?”

“नकाशासाठी...” तो घाईघाईने खोडरबर शोधू लागला. समोरचा पेपर उगाच खसखसला.

जुलै संपता संपता कंपनीने त्याला कुवेतला पाठवलं. साइटची मापं घ्यायची, चार दिवसांचं काम. “रविवारी येतो, लीना,” तो म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं लीना. मला दिवसभर काही सुचलं नाही.

दोन ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं.

फोन लागेना. त्याच्या ऑफिसात विचारलं, तिथेही कुणाला ठाऊक नव्हतं. रविवार गेला. पुढचेही रविवार गेले. मी टाइपरायटरसमोर बसायचे, आणि नेमकं ते प्रकरण पुढ्यात आलं... मेट्झची लढाई. मृतांच्या यादीत कॅप्टनचं नाव चुकून छापलं गेलं आणि हेन्रिएटने ते वाचलं. पुढचं पान उलटायचं मला धाडस होईना. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, खुर्ची ओढून बसले आणि स्वतःच मोठ्याने वाचू लागले. कॅप्टन एका शेतकऱ्याच्या घरात तापाने पडून होता. जिवंत. पुढे त्याने तलवार परत करून सैन्य सोडलं, जमीनमोजणीची नोकरी धरली आणि लग्न केलं. कुणाला न विचारता.

मी साहेबांसमोर पोटभर रडले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या ऑफिसचे ड्रायव्हर, रत्नागिरीचे उस्मानभाई, धावत आत आले. “लीनाताई, यल्ला, यल्ला, चला लवकर! रिसेप्शनवर फोन... अम्मानहून!”

“लीना?” आवाज खरखरत होता. “मी बरा आहे. बसने बगदादमार्गे आलो. आता विमानाने मुंबईला नेणार आहेत. तीन मिनिटंच बोलता येतं, मागे मोठी रांग आहे...”

“सुयश, माझ्याशी लग्न करशील?”

पलीकडे कुणाला तरी तो हिंदीत सांगताना ऐकू आला, “एक मिनिट भाईसाब, बहुत जरूरी है.”

“करशील का?”

“हो! हो, अगं... हो!” आणि फोन कटला.

मी तिथेच जमिनीवर बसले. गेले पाच आठवडे छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेला होता. उस्मानभाई पाण्याचा ग्लास धरून उभे आणि म्हणत होते, “शुक्र आहे अल्लाचा. आता रडताय कशाला?”

नव्याने व्हिसा होऊन तो परतला तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता आणि हवेत छान गारवा होता. विमानतळाच्या दारातून तो बाहेर आला... वाळलेला, दाढी वाढलेली, भावाचा ढगळ शर्ट घातलेला. सामान काहीच नाही.

“सगळं कुवेतलाच राहिलं,” तो ओशाळून म्हणाला. “रिकाम्या हातांनी आलोय.”

“बरं झालं,” मी म्हटलं आणि त्याचे दोन्ही हात धरले.

दादा चटकन पाठ फिरवून गाडी कुठे लावली ते शोधायला लागला. ती तर समोरच उभी होती.