मुख्य टेबलावरचं मालवाहू यान

दारापाशी दोघं एकदमच पोचली आणि दोघंही अडली. बाहेर पाऊस रिपरिपत होता, दार जड होतं, आणि दोघांच्याही दोन्ही हातांत खोकी होती.

"उघडा ना," ती म्हणाली.

"कुठल्या हातानं? तुम्हीच ठेवा की तुमचं खोकं खाली."

"मुळीच नाही. आत यान आहे."

"माझ्याही खोक्यात यानच..." तो बोलता बोलता थांबला. ती केसांपासून चपलांपर्यंत भिजली होती. तिचा रेनकोट खोक्याच्या अंगावर होता!

शेवटी तिनं दाराकडे पाठ केली, कोपरानं मूठ दाबली आणि उलट्या पावलांनी आत शिरली. तो मागोमाग.

"कमाल आहे तुमची," तो म्हणाला.

"कमाल नाही. तरफ आहे," ती म्हणाली, पण हसू काही लपलं नाही.

हॉलमध्ये अंतराळयानांची स्पर्धा होती. विज्ञानकथांत शोभतील अशी, तळहातावर मावणारी यानं जोडायची, रंगवायची आणि जुनी, वापरलेली, खरी दिसतील इतकी बारकाईनं सजवायची. नोंदणीच्या टेबलामागे मंडळाचे अध्यक्ष बसले होते.

"या भाचेबुवा, या! पहिलं बक्षीस वाट बघतंय," ते त्याला म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "ताई, तुमचं तिकडे. खिडकीपाशी. महिला व बालगट."

"का?"

"अहो, नाजूक, हौसेचं काम तुमचं. तिकडे सगळ्यांनाच बक्षीस असतं, काळजी नको."

ती धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. कुठली सळई किती भार पडला की तुटते, हे दिवसभर पाहायची. स्वतःचंही तिला ठाऊक होतं. एवढ्यानं काही होत नव्हतं. तिनं खिडकीपाशी खोकं उघडलं, पण यान बाहेर काढलं नाही.

आपलं यान मुख्य टेबलावर मांडून तो आला आणि वाकून पाहू लागला. लांबुडकं मालवाहू यान. खिडक्या सुईच्या टोकाएवढ्या, त्यातल्या काहीच उजळलेल्या. पाठीवर केसाहून बारीक अँटेना. इंजिनांच्या तोंडाशी निळा रंग, त्याला लागून जांभळा, मग विरत गेलेला गवती पिवळा.

"तापलेलं पोलाद..." तो हळूच म्हणाला. "सगळे नुसता काळा फासतात. हे कुठे पाहिलंत?"

"रोज पाहते. आणि तुमचा तो पांढरा? दरवर्षी पहिल्या येणाऱ्या तुमच्या यानांचे फोटो पाहून पाहून मी वेडी व्हायची वेळ आलीय. मला जमत नाही तो."

"मी दात करतो. कवळ्या, कॅप. तो दाताचा पांढरा आहे, आतून किंचित पिवळा."

"म्हणजे माझी झोप उडवली ती कुणाच्या तरी अक्कलदाढेनं?"

तो मोठ्यांदा हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "थांबा. मी माझंही इथेच आणतो. मामांना अद्दल घडेल."

"अजिबात नाही! तुम्ही इथे आलात तर मी हरवू कुणाला? मला बक्षिसाचं दान नकोय. मला तुमच्या शेजारी जागा हवीय."

बोलून गेल्यावर तिचे कान तापले. "म्हणजे... यानाला."

"हो, यानालाच," तो तितक्याच गंभीरपणे म्हणाला.

तिनं खोकं उचललं, सरळ मुख्य टेबलाशी गेली आणि आपलं यान त्याच्या यानाला खेटून ठेवलं. अध्यक्ष ताडकन उठले.

"ताई, उचला ते!"

"नाही उचलणार."

"मग मला उचलावं लागेल."

त्यांचा हात पुढे आला... आणि हवेतच थांबला. या छंदात बाकी सगळं माफ असतं. पण दुसऱ्याच्या मॉडेलला त्याच्या परवानगीशिवाय बोट लावणं नाही. आपल्या यानावरची धूळ नुसती फुंकली म्हणून खुद्द अध्यक्षांनी सख्ख्या मेव्हण्याशी अबोला धरला होता. आता सगळं मंडळ त्यांच्या बोटांकडे पाहत होतं.

"तू उचल रे," ते भाच्याला म्हणाले.

"नाही, मामा."

"काय?"

"नाही म्हणालो. ते जिथे आहे तिथेच शोभतंय."

मामांचा हात खाली गेला. यान जागचं हललं नाही. परीक्षक आले, भिंग काढलं, आणि तिच्या इंजिनांपाशी बराच वेळ रेंगाळले.

निकाल अध्यक्षांनाच वाचावा लागला. मुख्य गट, पहिला नंबर: भाचा. दुसऱ्या नंबराला ते जरा अडखळले, पण वाचला. ती.

ती हरली होती. तिनं वाकून त्याचं यान नीट पाहिलं, प्रामाणिकपणे पाहिलं. त्या पांढऱ्यात खोली होती, काही म्हणा. अशी खरीखुरी हार तिला आजवर कुणी दिली नव्हती. तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

"पुढच्या वर्षी गटांचं बघू," अध्यक्ष पुटपुटले.

"बघू नका, बदला," ती म्हणाली. "नाहीतर मी अख्खं आरमार आणून ठेवीन. मग बसा बघत!"

बाहेर पाऊस थांबला होता. पायरीवर तो तिच्यापाशी येऊन उभा राहिला.

"एक सांगायचंय... मला वाटतं, मी तुमच्या प्रेमात पडलोय."

"वाटतं?" तिनं भुवई उचलली. "पुरावा काय?"

"मामांनी मला लहानाचं मोठं केलं. आजवर त्यांना कधी 'नाही' म्हणालो नव्हतो."

हा पुरावा खोडून काढता येण्यासारखा नव्हता. आणि तिला तो खोडायचाही नव्हता.

"रविवारी घरी ये," ती म्हणाली. "बाबा उलटतपासणी घेतील, घाबरू नकोस. ब्रश तुझे तू आण, माझे मी कुणाला देत नाही."

"कुणालाच नाही?"

"कुणालाच." ती दोन पायऱ्या उतरली, वळली, आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहत म्हणाली, "रंग मात्र लागेल तो घे."