मागून येणारा ठोका

ज्याला पटणार नाही, त्याने इथेच थांबावं. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. तेही भरदुपारी. आणि भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मावशी नाक मुरडून सरळ भांडी घासायला जाते, अशी बाई आहे ती.

मावशी ड्रम शिकवते. जिभेला धार आहे, पण तिच्या हाताखालून गेलेला माणूस लय सोडत नाही.

त्या रविवारी तिला एका बँडने बोलावलं. सरावाची जागा म्हणजे फर्निचरच्या गोदामाखालचं तळघर. आवाज दबावा म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. एकच दार, खिडकी नाही. कार्यक्रम तोंडावर आला होता आणि त्यांच्या ड्रमरची लय धावत होती.

"सुरुवातीला बरा असतो," गायक म्हणाला. "मग उधळतो. आज नाही सुधारला, तर दुसरा बघणार आम्ही."

ड्रमर तिथेच बसला होता. दोन मुलांचा बाप. त्याने मान वर केली नाही.

मावशीने बाकीच्यांना बाहेर पिटाळलं. लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम लावला.

"तोंडाने मोज. हात मागून येऊ देत."

टक्... टक्... टक्...

थोडा वेळ सगळं सरळ चाललं.

मग लय चढली.

"कसली घाई रे? गाडी सुटतेय का तुझी?"

"मी घाई करत नाही, बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मागचा करतो."

त्याच्या मागे फक्त भिंत होती.

मावशी भडकली. "ऊठ!" म्हणाली आणि स्वतः बसली. काठ्या उचलल्या, ठेका धरला. रेषेसारखा सरळ.

"बघ. कुठाय तुझा मागचा..."

...ठक्.

पाठीमागून. तिच्या ठोक्याच्या किंचित आधी.

गादी ठोकलेल्या भिंतीतून असा कोरडा आवाज येत नाही.

...ठक्. ठक्.

तिचे हात त्याच्यामागे ओढले जायला लागले. पण मावशी हट्टी. दात आवळून तिने मेट्रोनोमकडे कान लावला. लय सोडली नाही.

मागचा आवाज थांबला.

आणि मग...

तिच्या मानेवर एक बोट आपटलं.

थंडगार. टणक.

पुन्हा आपटलं. आता दुखेल इतक्या जोरात.

समोर ड्रमर पांढराफटक पडला होता. त्याची नजर तिच्या खांद्याच्या वर खिळली होती.

"त्याच्यासारखं वाजवा, बाई," तो कुजबुजला. "हट्ट करू नका. चिडतो तो."

मावशीने काठ्या फेकल्या.

मेट्रोनोम आपोआप बंद पडला.

आणि अगदी कानाशी... पुरुषी आवाज आला.

"थांबायला कुणी सांगितलं?"

ड्रमरचं मनगट धरून ती जिना चढली, ते थेट रस्त्यावर. बँडवाले आधी हसले. मग तिच्या मानेवरचे काळेनिळे डाग पाहून सामान आवरायला लागले. त्यांनी जागा बदलली. कार्यक्रम झाला, ड्रमरची लय जराही हलली नाही. त्याचं काम वाचलं.

मावशीने त्याला फोन केला. "त्या दिवशी तुला काय दिसलं?"



"आता तो माझ्याकडे नाही, बाई," म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्याने तिचा फोन उचलला नाही.

मावशीचे क्लास बंद आहेत. हे सगळं तिने परवा मला सांगितलं, भिंतीला पाठ टेकून. पण बोलताना शब्दावर शब्द चढत होते. धाप लागली, तरी ती थांबेना.

मी तिचा हात धरला. "मावशी, जरा सावकाश सांग ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले.

"सावकाश बोलले, की मारतो गं."